पन्नास माणसांसाठी कोजागरीचं दूध, सगळ्यांच्या हातानं आटवलेलं

दहा लिटर दूध उकळून बेताचं आटायला दीड तास लागतो. तेवढा वेळ कुणीतरी शेगडीपाशी उभं राहून बुडापर्यंत कालथा फिरवत राहावं लागतं. आमच्या इमारतीत हे काम सगळ्यांदेखत होतं आणि दर दहा मिनिटांनी कालथा नव्या हातात जातो. तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा, कॉलेजातली मुलं, गेल्याच महिन्यात भाड्यानं आलेलं जोडपं, सगळे त्या टोपाशी येऊन जातात. मधे दोन वर्षं आम्ही बाहेरून तयार दूध मागवलं होतं. दूध चांगलंच होतं. साडेनऊला आलं, पावणेदहाला संपलं आणि दहाला गच्ची रिकामी झाली. ‘को जागर्ति’, कोण जागं आहे, असं विचारत लक्ष्मी या रात्री फिरते म्हणतात. जागं राहायला काहीतरी निमित्त लागतं, आणि ते निमित्त त्या टोपात होतं हे आम्हाला तेव्हा कळलं. तिसऱ्या वर्षी टोप परत आला.

ज्यांना आपल्या सोसायटीत, चाळीत, वाड्यात हे स्वतः करायचं आहे त्यांच्यासाठी हे सगळं लिहिते आहे. माप पन्नास माणसांचं धरलं आहे. शंभर असतील तर एकाच टोपात दुप्पट दूध घालू नका, दोन टोप लावा.

तारीख आणि पाऊस

कोजागरी म्हणजे आश्विन पौर्णिमा, पण ज्या दिवशी मध्यरात्री पौर्णिमा असते तो दिवस कोजागरीचा. त्यामुळे कॅलेंडरात बऱ्याचदा एका दिवशी ‘कोजागरी’ आणि दुसऱ्या दिवशी ‘नवान्न पौर्णिमा’ छापलेली दिसते. नुसतं ‘पौर्णिमा’ बघून तारीख ठरवली की घोळ होतो. २०२५ मध्ये कोजागरी ६ ऑक्टोबरला, सोमवारी होती. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक असल्यानं ती थेट २५ ऑक्टोबरला, रविवारी येते.

हा फरक नुसता कागदावरचा नसतो. पाऊस महाराष्ट्रातून साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात परततो. कोजागरी लवकर आली तर संध्याकाळी गडगडाटी सर येण्याची शक्यता धरूनच चालायचं. शेगडी पत्र्याखाली किंवा पार्किंगमध्ये, आणि माणसं गच्चीवर, अशी व्यवस्था आधी करून ठेवा. महिनाअखेरीला आली तर आकाश बहुधा निरभ्र असतं, पण रात्री गारवा असतो आणि दूध पेल्यात लवकर निवतं. तेव्हा वाढायची वेळ अर्ध्या तासानं पुढे ढकलली तरी चालते, टोप मात्र तोपर्यंत शेगडीवरून उतरवू नका.

गच्चीची परवानगी, किल्ली, दिवे हे आठवडाभर आधी मार्गी लावा. कठडा कुठे खचला आहे का, सौर पाणीतापकाच्या नळ्या आणि केबल पायात येतात का, हे दिवसाउजेडी बघून घ्या. रात्री पन्नास माणसं आणि दहा-बारा पोरं तिथे असणार आहेत.

दुधाचा हिशेब

डोक्यात ठेवायचं सूत्र एकच: माणशी २०० मिली कच्चं दूध. पन्नास माणसांना दहा लिटर.

हे असं बसतं. दहा लिटरचं आटवून आठ लिटर करायचं. त्यात साखर आणि मसाला पडला की पुन्हा पावणेनऊ लिटरच्या आसपास भरतं. दीडशे मिलीचा पेला धरला तर अठ्ठावन्न पेले निघतात. लहान मुलं अर्धा पेला पितात, काही मोठे दुसऱ्यांदा मागतात, शेवटी दोन-तीन पेले उरतात. एवढंच उरावं.

पुष्कळ जण दूध निम्म्यावर आणतात. ती बासुंदी झाली. वाटीभर खायला ती सुरेख, पण भेळ खाऊन झाल्यावर पेलाभर कुणाला जात नाही आणि दुधाचा खर्च उगीच वाढतो. कोजागरीचं दूध पिता आलं पाहिजे. पाचवा हिस्सा आटला की थांबा.

दूध कोणतं? म्हशीचं, किंवा पिशवीतलं फुल क्रीम. फुल क्रीममध्ये किमान ६ टक्के स्निग्धांश असतो आणि टोन्डमध्ये ३ टक्के. टोन्ड दूध कितीही आटवलं तरी जिभेवर पातळ लागतं. मग लोक त्यात कॉर्नफ्लोअर किंवा कस्टर्ड पावडर घालून दाटपणा आणतात. ते करू नका, दुधाची चवच झाकून जाते. गाईचंच दूध हवं असेल तर रंग छान पिवळसर येतो, पण काजू थोडे वाढवावे लागतात.

पिशवीचं दूध घेणार असाल तर दूधवाल्याला चार दिवस आधी सांगा, त्या दिवशी सगळ्यांचीच मागणी वाढलेली असते. सुटं घेणार असाल तर भावाची तयारी ठेवा. पुण्यात गणेश पेठेतल्या दूधभट्टीत सणाच्या दिवशी सुट्या दुधाचा भाव चढतो तो याच मागणीमुळे. कोल्हापूरकरांचं वेगळं, त्यांना गंगावेशीतल्या कट्ट्यावर डोळ्यांदेखत धार काढलेलं दूध मिळतं. असं दूध आणलं तर तासाभरात तापवायला लागा, ते थांबत नाही.

आता या सगळ्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. प्रत्येक ठिकाणचं दूध वेगळं तापवून बघितल्याशिवाय एकत्र करायचं नाही. एका वर्षी वीस लिटर दूध होतं. कुणीतरी प्रेमानं घरचं दोन लिटर आणून दिलं आणि आम्ही ते सरळ टोपात ओतलं. सकाळी आलेलं ते दूध दिवसभर ओट्यावर राहिलं होतं. पहिली उकळी येता येता सगळ्या टोपात कण दिसायला लागले आणि पाच मिनिटांत चोथा वेगळा, पाणी वेगळं. मुलं पेले हातात घेऊन रांगेत उभी होती. त्या रात्रीनंतर आमच्याकडे नियम झाला: प्रत्येक भांड्यातलं, प्रत्येक वेगळ्या तारखेच्या पिशवीतलं पळीभर दूध छोट्या भांड्यात आधी उकळायचं. खळखळून उकळलं आणि फाटलं नाही, तरच ते टोपात जाईल. दहा मिनिटांचं काम आहे.

मसाला दोन दिवस आधी

दहा लिटर दुधासाठी आम्ही घेतो ते असं:

बदाम १५० ग्रॅम
काजू ७५ ग्रॅम
पिस्ते, मीठ न लावलेले, सोललेले ७५ ग्रॅम
चारोळी ५० ग्रॅम
वेलची सालासकट १५ ग्रॅम
जायफळ अर्धं
केशर १ ग्रॅम
साखर ८०० ग्रॅम, आणि चव बघून घालायला आणखी २०० ग्रॅम बाजूला

चारोळीपासून सुरुवात करा, कारण फसवते तीच. तिच्यात तेल भरपूर असतं आणि ती लवकर खवट होते. दुकानातच चार दाणे चावून बघा. जिभेवर कडसर, जुन्या तेलासारखी चव आली तर घेऊच नका. अर्धी मूठ खवट चारोळी दहा लिटर दुधाची चव घालवते. चांगली मिळाली नाही तर चारोळीशिवाय दूध करा, कुणाचं काही अडत नाही.

पिस्त्याच्या कापांच्या नावावर हिरवा रंग दिलेले शेंगदाण्याचे काप विकले जातात. म्हणून पिस्ते अख्खे घ्या आणि घरी कापा. केशराच्या दोन काड्या कोमट पाण्यात टाका. खरं केशर रंग हळूहळू सोडतं आणि काडी लालच राहते. रंग लगेच फसाफसा उतरला आणि काडी पांढरी पडली तर ते केशर नव्हे. तयार मसाला आणणार असाल तर पाकिटावरची घटकांची यादी वाचा. त्यात साखर पहिली आणि कृत्रिम रंग शेवटी दिसला तर परत ठेवून द्या.

बदाम आणि काजू कढईत मंद आचेवर पाच-सात मिनिटं नुसते गरम करायचे. रंग बदलता कामा नये, फक्त ओल जायला हवी. भाजल्याचा वास आला की दुधाला लाडवाचा वास लागतो. ताटात पसरून पूर्ण गार होऊ द्या. पन्नास ग्रॅम बदाम आणि निम्मे पिस्ते कापांसाठी बाजूला काढा. बाकीचे, वेलचीचे दाणे आणि दोन मोठे चमचे साखर मिक्सरच्या कोरड्या भांड्यात घाला. मिक्सर सलग फिरवायचा नाही. दोन-तीन सेकंद फिरवा, थांबा, भांडं हलवा, पुन्हा फिरवा. सलग फिरवला तर बदामाला तेल सुटतं, गोळा होतो आणि तो गोळा दुधात विरघळत नाही. साखर तेल धरून ठेवते, म्हणून ती दळतानाच घालायची. मसाला बारीक रव्याइतका हवा. पिठासारखा झाला तर दूध लगद्यासारखं लागतं, जाड राहिला तर सगळा तळाशी बसतो.

बदामाची सालं काढावीत का, यावर आमच्याकडे दर वर्षी चर्चा होते. भिजवून सोललेले बदाम दिसायला शुभ्र दिसतात, पण त्यांतली ओल जायला पंख्याखाली अख्खा दिवस लागतो आणि ओल राहिली तर मसाला दोन दिवस टिकत नाही. मी सालासकट दळते. दुधात तपकिरी ठिपके दिसतात, दिसू देत.

जायफळ मसाल्यात दळू नका. ते त्याच दिवशी सहाणेवर उगाळा किंवा बारीक किसणीवर किसा. अर्ध्याच्या वर अजिबात नको. जास्त झालं तर कडवटपणा येतो आणि पेंगही येते. जागायच्या रात्री पेंग काय कामाची?

काही घरांत सुंठ घालतात, काही घरांत चिमूटभर हळद. सुंठ घालायची तर पाव चमच्याच्या वर नको आणि दूध उतरवल्यावर घाला.

टोप, शेगडी, कालथा

दहा लिटर दुधाला सोळा ते अठरा लिटरचा, सरळ उभ्या कडांचा, जाड बुडाचा टोप हवा. पातळ स्टीलचं पातेलं घेतलंत तर दूध बुडाला लागणारच, मग कितीही ढवळा. जाड ॲल्युमिनियम चालतं. पितळेचं असेल तर कल्हई ताजी हवी, कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात दूध तापवू नये.

भांडी भाड्यानं आणली तर आदल्या दिवशी आणा आणि नाकानं तपासा. आदल्या कार्यात त्यात आमटी किंवा सांबार शिजलेलं असतं. चिंच किंवा लिंबानं घासलं असेल तर नंतर दोनदा गरम पाण्यानं धुवा. आंबट अंश कानाकोपऱ्यात राहिला तरी दूध फाटायला पुरतो. ओगराळं, झारा, गाळणं, सगळं याच नजरेनं बघा.

मोठी भट्टी-शेगडी वापरणार असाल तर तिला तिचाच उच्च दाबाचा रेग्युलेटर लागतो. घरच्या गॅसचा रेग्युलेटर तिला जोडू नका. याची सोय नसेल तर सरळ घरची दोन बर्नरची शेगडी घ्या आणि पाच-पाच लिटर दुधाचे दोन टोप लावा. वेळ थोडा जास्त लागेल, बाकी काही बिघडत नाही. सिलिंडर गच्चीवर नेण्यापेक्षा दूध खाली किंवा शेवटच्या जिन्याच्या मोकळ्या जागेत आटवणं बरं. वारा कमी लागतो आणि मुलांची पळापळ दूर राहते. शेजारी वाळूची बादली ठेवा. शेगडीभोवती खडूनं रेघ मारून आत कालथेवाला आणि आणखी एक जण, एवढेच, असं आम्ही मुलांना आधीच सांगतो. मुलं ती रेघ पाळतात. मोठ्यांनाच दोनदा सांगावं लागतं.

कालथा लांब दांड्याचा आणि सपाट तोंडाचा हवा, बुडावरून सरळ घासत जाणारा. गोल पळी बुडाचा कोपरा गाठत नाही.

आटवणं

चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास, म्हणजे सहा-सव्वासहाला उगवतो. पण इमारतींच्या आडून वर यायला त्याला वेळ लागतो. साडेआठला तो गच्चीवरून चांगला दिसतो. त्यावरून मागे मोजायचं: नऊच्या सुमारास दूध तयार हवं असेल तर साडेसातला टोप शेगडीवर चढला पाहिजे.

टोपात आधी दोन वाट्या पाणी फिरवून ओतून टाका. तळाला पाण्याचा पातळ थर राहिला की दूध लगेच चिकटत नाही. मग दूध ओता आणि एक स्वच्छ लाकडी पट्टी टोपात उभी धरून दुधाच्या पातळीवर पेन्सिलीनं खूण करा. त्या उंचीचे पाच भाग करा आणि वरून पहिल्या भागावर दुसरी खूण करा. दूध त्या दुसऱ्या खुणेपर्यंत उतरलं की आटलं. कडा सरळ असलेला टोप हवा म्हटलं ते याचसाठी. ही पट्टी नसते तेव्हा दर वर्षी तीच वादावादी होते, एक जण म्हणतो झालं, दुसरा म्हणतो अजून पातळ आहे.

पहिली उकळी येईपर्यंत आच मोठी चालते. मोठ्या शेगडीवर अर्धा-पाऊण तास लागतो. याच काळात ढवळणं जास्त महत्त्वाचं असतं, कारण दूध अजून स्वतः हलत नसतं आणि बूड तापलेलं असतं. कालथा बुडावर आधी कडेनं गोल, मग मधून आडवा-उभा फिरवायचा. कुठे खरखरीत लागलं की समजायचं, दूध धरायला लागलं आहे. तिथे जोरात खरवडू नका. करपलेले पापुद्रे सुटून वर आले की सगळ्या दुधाला वास लागतो. आच कमी करा आणि त्या जागेवरून हलक्या हातानं फिरवा. वास लागलाच, तर दूध न ढवळता वरच्या वर दुसऱ्या टोपात काढून घ्या. म्हणून दुसरा टोप नेहमी धुऊन जवळ असावा.

उकळी फुगून वर आली की आच मध्यम. इथून पुढे पाऊण तास. कडेला जमणारी साय कालथ्यानं सोडवून परत दुधात घाला, दाटपणा तिनंच येतो. ही वेळ मला सगळ्यात आवडते. दुधाचा वास जिन्यातून वर जायला लागतो आणि जे ‘नंतर येतो’ म्हणालेले असतात ते आपोआप खाली येतात. कालथा बदलताना जाणाऱ्यानं येणाऱ्याला एक गोष्ट सांगायचीच: बुडाला कुठे लागतंय. बाकी काय बोलायचं ते त्यांचं त्यांनी बघावं. आमच्या इमारतीतल्या दोन कुटुंबांचा पार्किंगवरून चाललेला अबोला एका कोजागरीला याच टोपाशी सुटला. ‘डावीकडे लागतंय, जपून’ हे त्यांचं तीन वर्षांतलं पहिलं वाक्य होतं.

दूध खुणेच्या बोटभर वर असताना साखर घाला, त्याआधी नको. लवकर घातली तर साखरेमुळे दूध बुडाला जास्त धरतं आणि रंग लालसर होतो. पण साखर घालण्याआधी दीड-दोन लिटर दूध वेगळ्या पातेल्यात काढा. ते बिनसाखरेचं. मधुमेह असलेल्या मंडळींना एरवी ‘मला नको’ म्हणत बाजूला बसावं लागतं. त्यांचा पेला वेगळ्या रंगाचा ठेवा आणि आधी त्यांना द्या. याच पातेल्यातलं पेलाभर दूध मसाल्याशिवायही ठेवा. सुक्यामेव्याची ॲलर्जी असलेलं एखादं मूल असतंच. वर्गणी गोळा करतानाच त्याची चौकशी करावी.

साखर विरघळली की पाच मिनिटं उकळू द्या, मग मसाला. तो एका वाटी गरम दुधात आधी कालवून मग टोपात सोडा, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. आणखी पाच मिनिटांनी आच बंद. केशर अर्धा तास आधी खलात चुरडून वाटीभर कोमट दुधात भिजवलेलं असेल, ते आता घाला. जायफळही आताच. उकळत्या दुधात घातलं तर दोन्हींचा वास वाफेबरोबर निघून जातो. वरून चारोळी आणि काप.

चव बघताना एक लक्षात ठेवा, गरम असताना दूध जितकं गोड लागतं त्यापेक्षा निवल्यावर कमी लागतं. तरीही बाजूला ठेवलेली साखर सगळी घालण्याचा मोह टाळा. ज्याला हवी तो वरून घेईल.

चांदण्यात

टोप दोघांनी, जाड फडक्यांनी धरून, जिन्यात दिवा लावून वर न्यायचा. भरलेला टोप जड जात असेल तर छोट्या पातेल्यांतून न्या. गच्चीवर पाटावर ठेवा, वर पातळ सुती फडकं बांधा. चांदणं आत झिरपतं आणि पाखरं पडत नाहीत. नैवेद्याला नारळ आणि पोहे ठेवायची जुनी रीत आहे. त्याच वेळी घरोघरच्या ज्येष्ठ अपत्याला ओवाळायचं असतं, त्याला आश्विनी म्हणतात. आमच्याकडे साठीच्या पुढचे थोरलेही रांगेत बसतात, कारण ओवाळायला नव्वदीची आई असते. हा भाग घाईनं उरकू नका.

मग दिवे बंद करा. दहा मिनिटं पुरतात. दुधात चंद्र दिसतो का, हे बघायला सगळी पोरं टोपाभोवती गोळा होतात, तेवढ्यापुरतं फडकं बाजूला करा.

मात्र दूध तासन्‌तास कोमट ठेवू नका. वाफाळतं असतानाच वाढायला घ्या किंवा मंद आचेवर ठेवा. दोन तास कोमट राहिलेलं दूध मुलांना देऊ नये. मध्यरात्रीपर्यंत बसणारे थोडेच असतात, त्यांच्यासाठी आच बंद केल्याबरोबर दोन मोठे थर्मास कडकडीत दुधानं भरून ठेवा. बाराच्या सुमाराला चंद्र जवळजवळ डोक्यावर येतो आणि गच्चीवर उरलेली आठ-दहा माणसं तो थर्मास उघडतात. ती खरी कोजागरी.

वाढताना ओगराळं प्रत्येक वेळी तळापासून फिरवून घ्या. नाहीतर पहिल्या वीस जणांना नुसतं दूध आणि शेवटच्यांना नुसता मसाला मिळतो. पेले स्टीलचे, शक्यतो ज्यानं त्यानं आपापल्या घरचे आणावेत. धुण्याचा आणि कचऱ्याचा, दोन्ही प्रश्न मिटतात.

दुधाआधी काय

भेळ. बटाटेवडे, पावभाजी, मिसळ हे सगळं आम्ही करून पाहिलं. वडे तळताना चार बायका सगळी संध्याकाळ कढईपाशी अडकतात आणि मिसळीनंतर दूध नकोसं होतं. भेळेला गॅस लागत नाही आणि कांदा-कोथिंबीर चिरायला पंधरा हात एका वेळी बसू शकतात. पन्नास जणांना अडीच किलो कुरमुरे, दीड किलो फरसाण, किलोभर शेव, दोन किलो कांदा, दोन किलो उकडलेले बटाटे, दीड किलो टोमॅटो, दोन लिटर चिंच-खजुराची चटणी, अर्धा लिटर हिरवी चटणी. दहा-दहा प्लेटींची भेळ कालवायची, एकदम नाही, नाहीतर कुरमुरे मऊ पडतात. भेळ सव्वाआठला आणि दूध साडेनऊला, असं मधे तासाभराचं अंतर ठेवा. चिंचेच्या चटणीवर लगेच दूध कुणाच्याच पोटाला मानवत नाही. चटणीचे हात दुधाच्या भांड्यांना लागू देऊ नका, हेही आलंच.

वेळ भरायला काय करायचं, याचं उत्तर विदर्भ-खानदेशात आधीच आहे. तिकडे भाद्रपद पौर्णिमेपासून बसलेल्या भुलाबाईचा, म्हणजे मुलींच्या गाण्यांच्या सणाचा, कोजागरीला समारोप होतो, आणि गाणी म्हणून झाली की डबा हलवून खिरापत ओळखायचा खेळ असतो. आम्ही तो उचलला. प्रत्येक घरानं एक झाकलेला डबा आणायचा, मुलांनी आवाजावरून आणि वासावरून ओळखायचं. तासभर कसा जातो कळत नाही. ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद करायचा. सवलतीचे दिवस जिल्हाधिकारी ठरवतात, तुमच्याकडे काय आहे ते आधी विचारून घ्या. खरं सांगायचं तर दहानंतर माईक बंद झाला की भेंड्या जास्त रंगतात.

अमेरिकेतल्या मंडळींसाठी थोडंसं

तिकडे बहुतेक ठिकाणी कोजागरी जवळच्या शनिवारी, शाळेच्या किंवा देवळाच्या हॉलमध्ये होते आणि तिथे शेगडी पेटवता येत नाही. अमेरिकेतल्या होल मिल्कमध्ये स्निग्धांश साधारण सव्वातीन टक्केच असतो, म्हणून ते नुसतं आटवून आपल्यासारखी चव येत नाही. तीन भाग होल मिल्कला दोन भाग हाफ-अँड-हाफ घाला, साधारण सहा टक्क्यांवर येतं. एक गॅलन म्हणजे ३.७८ लिटर, त्यावरून मसाल्याचं माप काढा. दूध चार घरांत आटवून, झाकणाच्या गरम डब्यांतून आणा आणि केशर-जायफळ हॉलमध्ये पोचल्यावर घाला. चार घरांत आटवायचं तर प्रत्येक घरी दोन-तीन कुटुंबांनी जमा, कालथा एकट्याच्या हाती सोडू नका.

उरलं तर, आणि टोपाचं

उरलेलं दूध त्याच रात्री छोट्या भांड्यांत काढून फ्रिजमध्ये ठेवा. मोठ्या टोपात तसंच ठेवलं तर ते आतून गार व्हायला फार वेळ लागतो आणि सकाळपर्यंत आंबतं. दुसऱ्या दिवशी पेलाभरापेक्षा जास्त असेल तर पुन्हा निम्म्यावर आटवा, गार करा आणि साच्यांत ओतून कुल्फी लावा. मसाला आधीच पडलेला असतो, वेगळं काही घालावं लागत नाही.

टोपाच्या बुडाला आणि कडांना जी खरवड राहते ती करपलेली नसेल तर फेकू नका. कालथ्यानं काढून वाटीत घ्या. आमच्याकडे ती ज्या मुलानं सगळ्यात जास्त वेळ कालथा धरला त्याला मिळते, आणि ही गोष्ट मुलांना सहा महिने आधीपासून आठवत असते. त्यानंतर टोपात गरम पाणी आणि मूठभर खायचा सोडा घालून रात्रभर ठेवून द्या. सकाळी कुणी दोघांनी घासायचा, हे आदल्या दिवशीच ठरलेलं असावं, नाहीतर टोप चार दिवस जिन्यात पडून राहतो.